गिअरमध्ये क्लच दाबूनही सेल्फ लागत नाही? रिले बदलायच्या आधी लिव्हर आणि क्लच स्विच तपासा

तुमचं दुखणं थोडक्यात असं की बाइक न्यूट्रलला असली की सेल्फ एका झटक्यात लागतो, पण गिअरमध्ये बंद पडली की क्लच पूर्ण दाबूनही बटण मेल्यासारखं, टिक नाही की टुक नाही, आणि लिव्हर ग्रिपला टेकेपर्यंत आवळून धरला किंवा जरा वर-खाली हलवला की कधीतरी लागतो. एकाने स्टार्टर रिले (बटणाच्या छोट्या करंटवर सेल्फ मोटरची मोठी लाइन जोडणारा स्विच) बदला म्हणून सांगितलं, दुसऱ्याने क्लच स्विचच्या दोन वायर डायरेक्ट करून टाका म्हणून सांगितलं. दोन्ही आत्ता करू नका. न्यूट्रलला सेल्फ व्यवस्थित फिरतोय म्हणजे बॅटरी, सेल्फ मोटर, रिले, बटण, किल स्विच सगळे आपापलं काम करतायत, त्यामुळे रिले बदलून हाती काही लागणार नाही. आणि "जोरात आवळला की लागतो" हे जे तुम्ही सहज लिहून गेलात ना, त्यातच अर्धं निदान आहे.

आधी करंटचा रस्ता डोक्यात बसवा म्हणजे पुढचं सोपं जाईल. बहुतेक बाइकवर स्टार्ट बटण दाबलं की रिलेच्या कॉइलला प्लस मिळतो, पण कॉइल खेचायला दुसऱ्या टोकाला अर्थ (अर्थिंग, म्हणजे मायनस) पण लागतो, आणि तो अर्थ दोन वाटांनी येऊ शकतो. एक वाट न्यूट्रल स्विचमधून, दुसरी क्लच स्विच आणि मग साइड स्टँड स्विचमधून. न्यूट्रलला असलात तर पहिली वाट चालू, तिथे क्लच स्विच असला काय नि मेला काय, फरकच पडत नाही. गिअरमध्ये मात्र सगळा भार दुसऱ्या वाटेवर. काही बाइकवर क्लच स्विच थेट बटणाच्या लाइनमध्येच असतो, तिथे न्यूट्रललाही क्लच दाबावाच लागतो आणि स्विच गेला की बाइक कुठूनच सेल्फ घेत नाही. तुमची तशी नाही हे तुमच्या वर्णनावरूनच कळतंय.

आता दुसऱ्या वाटेवर दोन स्विच आहेत, त्यातला चोर कुठला? हे पाना न लावता कळतं. बाइक न्यूट्रलला चालू करा, साइड स्टँड वर करा, क्लच दाबा आणि पहिला टाका. इंजिन फट्कन बंद पडलं तर साइड स्टँडचा स्विच बघा, कारण चालू इंजिन गिअर टाकल्यावर बंद करायचं काम सहसा त्याचं असतं. इंजिन चालू राहिलं, आणि बंद करून त्याच गिअरमध्ये क्लच दाबून सेल्फ मात्र लागत नाही, तर क्लच स्विच किंवा त्याच्या वायर. आणखी एक गोष्ट त्याच वेळी बघून घ्या, गिअरमध्ये असताना नुसता क्लच दाबल्यावर डॅशवरचा न्यूट्रलचा हिरवा दिवा लागतोय का. लागत असेल तर दोन वाटांच्या मधला डायोड (करंट एकाच दिशेने जाऊ देणारा भाग) शॉर्ट झालाय, ते वेगळं प्रकरण, पण लोक त्यासाठी पण क्लच स्विच बदलत बसतात.

समजा क्लच स्विचवर येऊन थांबलो. इथे बहुतेक जण स्विच काढतात, नवा टाकतात, आणि महिन्याभराने तेच रडगाणं, कारण झिजलेला भाग स्विच नव्हताच, लिव्हर होता. स्विच म्हणजे काय, एक छोटी प्लास्टिकची डबी, त्यातून बाहेर आलेला एक बारीक दट्ट्या, आत स्प्रिंग, पितळी किंवा तांब्याची पट्टी आणि दोन कॉन्टॅक्ट. लिव्हरच्या मुळाशी, बोल्टच्या जवळ, एक छोटा उंचवटा असतो तो या दट्ट्याला दाबतो किंवा सोडतो. आणि "दाबतो किंवा सोडतो" हाच कळीचा मुद्दा आहे. काही बाइकवर क्लच मोकळा असताना लिव्हर दट्ट्याला आत दाबून धरतो, क्लच दाबला की दट्ट्या बाहेर येतो आणि कॉन्टॅक्ट जुळतात. काहींवर नेमकं उलटं, क्लच दाबला की दट्ट्या आत जातो आणि मग कॉन्टॅक्ट जुळतात. झीज तीच, पण लक्षणं पार उलटी. पहिल्या प्रकारात लिव्हरचा उंचवटा झिजला तर दट्ट्या पूर्ण दाबलाच जात नाही, स्विच कायम चालू राहतो, आणि बाइक गिअरमध्ये क्लच न दाबताच सेल्फ घेते, म्हणजे उडी मारते. दुसऱ्या प्रकारात उंचवटा झिजला तर दट्ट्यापर्यंत पोचायला लिव्हर ग्रिपपर्यंत आवळावा लागतो, म्हणजे तुमच्यासारखंच. पहिल्या प्रकारात "आवळला की लागतो" होतं ते वेगळ्या कारणाने, दट्ट्या आत मातीने अडकत असतो किंवा स्प्रिंग मेलेली असते आणि लिव्हर पूर्ण बाजूला गेल्याशिवाय तो सरकत नाही. त्यामुळे खाली वाकून, मोबाइलचा टॉर्च लावून, लिव्हर हळूहळू दाबत आधी हे बघा की दट्ट्या आत जातोय का बाहेर येतोय. एवढ्या एका निरीक्षणाने पुढची अर्धी कामं वाचतात.

आता लिव्हरचं टोक धरून वर-खाली हलवा. बोल्ट आणि भोक झिजले असतील तर लिव्हर डुगडुगतो, आणि मुळाशी एखादा मिलिमीटर लूज असला तरी उंचवटा दट्ट्याच्या मध्यावर न बसता कडेला घासत जातो. लिव्हर वर उचलला की सेल्फ लागतो आणि सोडला की नाही, असं असेल तर उत्तर इथेच मिळालं, स्विच बिचारा निर्दोष आहे. बाहेरचा, फोल्ड होणारा किंवा छोटा लिव्हर बसवला असेल तर त्याच्यावर आधी संशय घ्या. अशा लिव्हरचा उंचवटा कधी कधी अर्ध्या-एक मिलिमीटरने कमी असतो, क्लच झकास चालतो आणि स्विच मात्र अर्धवट दाबला जातो. बघायची सोपी युक्ती म्हणजे उंचवट्यावर मार्करची शाई लावा, लिव्हर चार-सहा वेळा दाबा आणि शाई कुठे पुसली गेली ते बघा. मधोमध पुसली तर ठीक, कडेला नुसता ओरखडा असेल तर लिव्हर चुकीच्या जागी चालतोय.

मग लिव्हर काढा. केबलचा अ‍ॅडजस्टर पूर्ण आत फिरवून, खाचा समोरासमोर आणून केबल सोडवली की बोल्ट काढून लिव्हर बाहेर येतो. हायड्रॉलिक क्लच असेल तर लिव्हर काढल्यावर मास्टर सिलिंडरचा पिस्टन दाबत बसू नका. आता बोटाने दट्ट्या दाबून बघा. तो सुळकन आत जायला आणि सोडल्यावर सुळकन बाहेर यायला पाहिजे. आळसात, थांबत थांबत येत असेल तर आत घाण आहे किंवा स्प्रिंग थकलीय. दट्ट्याचं टोक गोलसर असतं, ते सपाट किंवा तिरकं झिजलं असेल तर तेही दिसेल. बोटाने दाबून आणि सोडून स्विच नीट काम करतोय, पण लिव्हर बसवला की नाही, तर स्विच सोडा, लिव्हर, बोल्ट आणि बुश (बोल्टभोवतीची नळी) यांच्याकडे वळा.

मल्टिमीटरबद्दल जरा सविस्तर बोलतो कारण इथे चांगले चांगले फसतात. लोक मीटर कंटिन्युइटीवर ठेवतात, दट्ट्या हलवतात, मीटर पीं करतो, झालं, स्विच ओके म्हणून परत बसवतात. मीटरचा आवाज काही शून्य ओमलाच येतो असं नाही, बऱ्याच मीटरवर काही दशक ओमपर्यंत पण तो वाजतो. आणि मीटर त्या कॉन्टॅक्टमधून नावाला करंट सोडतो. इकडे रिलेच्या कॉइलचा रेझिस्टन्स बऱ्याच बाइकवर ४-५ ओमच्या आसपास असतो, म्हणजे १२ व्होल्टला अडीच-तीन अँपिअर त्या काळवंडलेल्या कॉन्टॅक्टमधून जायला पाहिजेत. समजा कॉन्टॅक्टवर कार्बन धरून फक्त ३ ओम वाढले आणि कॉइल साडेचार ओमची आहे, तर कॉइलच्या वाट्याला १२ पैकी सात-सव्वासात व्होल्टच येतात, आणि सकाळी बॅटरी थंड असताना रिले खेचतच नाही किंवा नुसता तडतडतो. मीटर मात्र त्या ३ ओमला आनंदाने पीं करत असतो. म्हणून आवाज बंद करा आणि ओमच्या सगळ्यात खालच्या रेंजवर आकडा वाचा. आधी दोन्ही प्रोब एकमेकांना टेकवून मीटरच्या वायरींचाच रेझिस्टन्स किती येतो तो बघा आणि तो वजा करा. उरलेला आकडा अर्ध्या ओमच्या आत हवा. ओमच्या घरात जात असेल, किंवा दट्ट्या हलका फिरवल्यावर आकडा नाचत असेल, तर कॉन्टॅक्ट गेलेत.

त्याहून खरी टेस्ट म्हणजे स्विच जागेवर, कपलर (वायरींचा प्लग) जोडलेला, आणि मीटर डीसी व्होल्टवर ठेवून स्विचच्या दोन वायरींवर मागून प्रोब लावणं. ही टेस्ट गिअरमध्येच करायची, न्यूट्रलला केलीत तर करंट न्यूट्रल स्विचच्या वाटेने जाईल आणि आकड्याला काही अर्थ राहणार नाही. मागचं चाक जमिनीवरून वर, साइड स्टँड वर, पुढे कोणी उभं नाही, क्लच पूर्ण दाबलेला, आणि मग क्षणभर स्टार्ट बटण. चांगला स्विच असेल तर ०.२ व्होल्टच्या आत दिसेल. एक-दोन व्होल्ट दिसले तर स्विच व्होल्टेज खातोय. बॅटरीएवढे पूर्ण दिसले तर कॉन्टॅक्ट जुळतच नाहीत. आणि शून्य दिसूनही सेल्फ नाही, तर एकतर स्विच चांगला आहे आणि अडथळा पुढे-मागे आहे, किंवा स्विचपर्यंत करंट पोचतच नाहीये, वायर तपासा.

वायर म्हटली की हँडल. स्विचपासून हेडलाइटच्या मागच्या कपलरपर्यंत जी जोडी जाते ती हँडल प्रत्येक वेळी वळलं की वाकते, आणि आतली तार एका जागी तुटून वरचं प्लास्टिक शाबूत राहतं. मीटर लावून, क्लच दाबून, हँडल या टोकापासून त्या टोकापर्यंत फिरवा. आकडा उडाला की तुटकी जागा तिथेच आसपास आहे. वायर हलकेच ओढून बघा, तुटलेल्या जागी ती रबरासारखी ताणली जाते. जोडायची तर सोल्डर करून सोडून देऊ नका, सोल्डर जिथे संपतो तिथे वायर ताठ होते आणि पुढच्या वळणाला तिथूनच तुटते. नीट दाबून बसवलेला क्रिम्प, वर हीट श्रिंक (गरम केल्यावर आवळणारी नळी), आणि जोड हँडलच्या वळणाच्या जागी नको, जिथे वायर हलत नाही तिथे न्या. स्विचच्या पिना हिरव्या पडल्या असतील तर तेवढ्या साफ करून बाहेरचे लग पकडीने किंचित आवळले तरी कितीतरी वेळा काम होतं.

आता स्विच उघडायचा का? नवा मिळत असेल तर माझं मत नवाच टाका, ही काही महागडी वस्तू नाही. पण जुन्या मॉडेलचा मिळत नाही किंवा नवा यायला वेळ आहे, तर उघडता येतो. आधी न उघडता प्रयत्न करा. कॉन्टॅक्ट क्लीनर दट्ट्याच्या बाजूने मारायचा, दट्ट्या वीस-तीस वेळा आत-बाहेर करायचा, काळं पाणी बाहेर येईल, परत मारायचा, सुकू द्यायचा. गंज सोडवायचा तेलकट स्प्रे इथे मारू नका, दोन दिवस छान चालतं आणि मग त्या तेलाला धूळ धरून लगदा होतो. सिलिकॉन स्प्रे तर नकोच, कॉन्टॅक्टवर ठिणगी पडते तिथे सिलिकॉनचा थर जळून काचेसारखा इन्सुलेटर तयार होतो. ब्रेक क्लीनरने काही प्लास्टिक तडकतं, तोही लांब ठेवा.

एवढ्याने भागलं नाही तर डबी उघडा. दोन बाजूला छोट्या खाचा असतात, पातळ पात्याने एक एक करून हळू उचलायच्या, आणि हे सगळं पारदर्शक पिशवीच्या आत हात घालून करा, कारण स्प्रिंग उडते आणि एकदा खाली पडली की ती मिळणार नाही. उघडायच्या आधी आणि उघडल्यावर फोटो काढा, पट्टी कुठल्या तोंडाने बसली होती ते नंतर आठवत नाही. आत कॉन्टॅक्ट काळे दिसतील. ते खोडरबराने किंवा १५००-२००० नंबरच्या पॉलिश पेपरच्या बारीक पट्टीने दोन-चार हात फिरवून साफ करा, खरखरीत पेपर किंवा कानस अजिबात नको, वरचा पातळ मुलामा निघून गेला की उघडा धातू पुन्हा भराभर काळा पडतो. पट्टीला मधोमध खड्डा पडला असेल आणि ती दोन्ही बाजूंनी सारखी असेल तर उलटी करून बसवता येते, हा जुना जुगाड आहे पण चालतो. स्प्रिंग बसलेली वाटली तर हलकीशी ताणता येते, पण जास्त ताणली तर दट्ट्या अडकतो. कॉन्टॅक्टवर ग्रीस नाही. डबी बंद करून सांध्यावर बाहेरून पातळ सील केलं तर पुढच्या पावसाळ्याला पाणी जात नाही, फक्त दट्ट्याच्या भोकात ते जाऊ देऊ नका.

झीज लिव्हरला असेल तर पहिला उपाय बोल्ट आणि बुश, ते नवे टाकून लिव्हरचा डुगडुगणारा खेळ गेला की बऱ्याचदा उंचवटा परत जागेवर येतो. बोल्टला ग्रीस लावा आणि तो करकचून आवळू नका, आधी बोल्ट हलका, मग त्याला धरून खालचा नट. बोल्ट जास्त आवळला तर लिव्हर होल्डरमध्ये दाबला जातो, पूर्ण परत येत नाही, आणि स्विचची भानगड परत सुरू. उंचवटाच झिजला असेल तर नवा लिव्हर, आणि शक्यतो मूळ मापाचा. तात्पुरतं भागवायला म्हणून उंचवट्यावर इपॉक्सीने पितळेची पातळ पट्टी चिकटवतात, ते चालतं, पण पट्टी जाड झाली तर लिव्हर मोकळा असतानाही पूर्ण मागे येणार नाही. केबलच्या क्लचला याने प्ले (लिव्हरचा मोकळा खेळ) कमी होतो आणि क्लच हलका दाबलेला राहून प्लेटा घसरतात. हायड्रॉलिकला तर आणखी वाईट, लिव्हर पूर्ण परत आला नाही की मास्टर सिलिंडरमधलं परतीचं बारीक छिद्र झाकलेलं राहतं, फ्लुइड गरम होऊन फुगतं, जायला जागा नाही, आणि बाइक चालता चालता क्लच आपोआप घसरायला लागतो. स्विचसाठी क्लच प्लेटा जाळण्यात काही शहाणपणा नाही.

नवा स्विच घेताना जुना सोबत न्या किंवा मीटरने प्रकार तपासून घ्या. पुढच्या ब्रेकच्या लिव्हरचा स्विच दिसायला कधी कधी हुबेहूब असतो, भोकं पण जुळतात, पण दट्ट्या दाबल्यावर जुळतो का सुटतो ते वेगळं असू शकतं. तीन पिनांचा असेल तर ईसीयूला (इंजिनच्या कॉम्प्युटरला) पण सिग्नल जातोय, तिथे दोन पिनांचा बसवायचा खटाटोप नको. बसवताना लिव्हर आधी आणि स्विच नंतर, किंवा लिव्हर सरकवताना दट्ट्या बोटाने आत धरा. दट्ट्या बाहेर असताना लिव्हर जोरात आत सारला की तो तिरका होऊन मुळाशी तुटतो, नवा स्विच पहिल्या मिनिटात मोडायची सगळ्यात सोपी पद्धत हीच. स्क्रू बारीक असतो आणि प्लास्टिकमध्ये जातो, बसला की थांबा.

राहिला डायरेक्टचा सल्ला. रस्त्यात अडकलात, न्यूट्रल पण सापडत नाहीये, तर घरी पोचायला दोन वायर जोडणं समजू शकतो, पण ज्या स्विचमध्ये क्लच दाबल्यावर कॉन्टॅक्ट जुळतात त्याच्याच, क्लच दाबल्यावर कॉन्टॅक्ट सुटतात अशा उलट्या स्विचला वायर जोडून उपयोग नाही, तिथे कपलर सोडून ठेवावा लागतो. कायमचं डायरेक्ट मात्र नको. मग बाइक गिअरमध्ये क्लच न दाबता पण सेल्फ घेईल, आणि बाजूला उभं राहून कोणी चावी फिरवून बटण दाबलं की बाइक पुढे उडी मारते, पार्किंगमध्ये हे लहान मुलंच करतात. ईसीयूवाल्या बाइकला वाटत राहील की क्लच कायम दाबलेला आहे, क्रूझ कंट्रोल असेल तर तो सेटच होणार नाही. आणि एक लक्षात घ्या, हा स्विच फक्त लिव्हर हललाय एवढंच सांगतो, क्लच खरंच सुटलाय का ते त्याला माहीत नसतं. केबल ढिली असेल तर स्विच ओके म्हणेल आणि बाइक तरीही झटका देईल. म्हणून सगळं बसवल्यावर केबलचा प्ले पण लावून घ्या, बऱ्याच बाइकवर लिव्हरच्या टोकाला १०-१५ मिलिमीटर असतो, तुमच्या मॅन्युअलमधला आकडा अंतिम.

शेवटी बाइक मेन स्टँडवर, मागचं चाक मोकळं, साइड स्टँड वर, पहिला गिअर. क्लच न दाबता बटण दाबा, काहीच व्हायला नको. आता लिव्हर हळूहळू दाबत मध्ये मध्ये बटणाला हात लावा, साधारण अर्ध्या-पाऊण प्रवासात सेल्फ लागायला पाहिजे, अगदी ग्रिपला टेकल्यावर लागत असेल तर थोड्या झिजेनंतर परत हेच होणार, आत्ताच सुधारा. हँडल डावीकडे पूर्ण, उजवीकडे पूर्ण वळवून हेच परत करा. पुढच्या धुण्याला प्रेशरचा फवारा लिव्हरच्या मुळाशी जवळून मारू नका, आणि एवढं सगळं करूनही गिअरमध्ये सेल्फ मुका राहिला तर स्विचच्या कपलरवर दोन पिना क्षणभर जोडून बघा, तरीही नाही लागला तर डायोड आणि साइड स्टँडकडची लाइन, त्यासाठी वायरिंगचा नकाशा समोर घेऊनच बसा.